लस लेकीला, तपासणी आईलाही

महोदय,

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरील लशीबद्दल आता पालकसभांत आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही बोललं जातं, याचा आनंद आहे. ‘लस घेतली तर पुढे मूल होणार नाही’ ही अफवाही तिथेच फिरते. ती निखालस खोटी आहे. तिच्यावर याहून जास्त शाई खर्च करत नाही. हा कॅन्सर होणाऱ्या दहांपैकी सुमारे सात जणींमध्ये एचपीव्ही विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार कारण असतात आणि लस या दोन्हींना अडवते. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती जरूर द्यावी.

माझा प्रश्न त्या मुलीचा हात धरून येणाऱ्या आईचा आहे. आधीच झालेला संसर्ग लशीने बरा होत नाही. शिवाय संसर्गातून कॅन्सर व्हायला बहुधा पंधरा-वीस वर्षं जातात, म्हणजे आजच्या लशीचं फळ दिसायला २०४५ उजाडेल. तोवर काय? देशात दरवर्षी पाऊण लाखाहून अधिक बायका या आजाराने जातात.

मुंबईला तरी हे नव्याने सांगायला नको. टाटा मेमोरियलने १९९८ पासून इथल्याच झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तपासायला डॉक्टर नव्हते. दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल (व्हिनेगरच म्हणा) लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटतो का पाहायचं. निकाल तिथल्या तिथे. दर दोन वर्षांनी तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हे २०१३ मध्ये जाहीर झालं, जगभर वाखाणलं गेलं. आणि देशात? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी या कॅन्सरची कोणतीही तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या.

मी परिचारिका होते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तरी बायका महिनोन् महिने अंगावर काढतात. स्वतःसाठी दवाखान्यात जायचं तर खाडा, पाण्याची वेळ, सासूला काय सांगायचं हा पेच. लेकीच्या लशीसाठी मात्र तीच बाई खाडा करते. मग त्याच दिवशी, त्याच केंद्रात महापालिकेने पडद्याआड एक टेबल, चांगला दिवा आणि प्रशिक्षित परिचारिका का ठेवू नये? पाळी चालू असेल तर पुढची तारीख लिहून द्यावी. डाग दिसलाच, तर पुढची तपासणी कुठे, कधी आणि कोणाकडे हे तिथेच ठरवून द्यावं. नुसतं ‘मोठ्या रुग्णालयात दाखवा’ म्हटलं की बाई परत येत नाही, हे मी पाहिलं आहे.

संमतीसाठी पालकांकडे जाणाऱ्या कागदावर ‘तीस वर्षांवरील आईचीही तपासणी होईल’ एवढी एक ओळ वाढवली, तरी सुरुवात होईल.

— एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई