शाळेत गाणी ऐकवा, बंदी कसली घालता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या गॅदरिंगमध्ये वाजणाऱ्या डीजेच्या गाण्यांवरून आपल्या पत्रांच्या सदरात सध्या जुंपली आहे. एका वाचकांचे म्हणणे, अशा गाण्यांवर बंदी घाला आणि शाळेत फक्त अभंग व शास्त्रीय संगीत ठेवा. दाखला त्यांनी पंडित भीमसेन जोशींचा दिला आहे. दाखला उत्तमच, पण अर्धा सांगितला. लहानपणी भीमसेन रस्त्याने बँड निघाला की त्याच्यामागे चालू लागत आणि दमले की असतील तिथे झोपून जात. पोलिसांत खेटे घालून कंटाळलेल्या वडिलांनी शेवटी त्यांच्या सदऱ्यावरच ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून टाकले, म्हणजे सापडेल त्याने घरी आणून सोडावे! पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमरीने त्यांना वेड लावले, तीही एका दुकानात वाजणाऱ्या तबकडीवरून. या मुलाला कोणी गाळून, निवडून काही ऐकवले नव्हते.

मी कोपरगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. संगीतातले मला फारसे कळत नाही. पेटीवर प्रार्थना वाजवता येते, तेवढेच. आमच्याकडे संगीत शिक्षक नाही आणि मिळायचाही नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितला आहे. आमचा पट तिथवर कधी जाणार? ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात गायन-वादन आहे, पण ते वर्गशिक्षकानेच निभवायचे. शाळेचा स्पीकर पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारीला कपाटातून बाहेर येतो, आणि गॅदरिंग जवळ आले की पालक विचारतात, “बाई, यंदा कोणतं गाणं बसवणार?” तिथे आमचे संगीत शिक्षण संपते.

शासनाने शनिवार ‘आनंददायी’ केला तेव्हा मी त्यातला एक तास फक्त ऐकण्यासाठी धरला. गायचे नाही, नाचायचे नाही. आधी नाव न सांगता वाजवायचे, मग विचारायचे: काय काय वाजले, असे कुठे ऐकलेय, ठेका कुठे येतो. पुन्हा एकदा वाजवायचे आणि मग नाव, गाव, माणूस सांगायचा.

सुरुवात संबळापासून केली. आमच्या भागात लग्नानंतर जागरण-गोंधळ होतोच, त्यामुळे अर्धा वर्ग एका दमात ओरडला. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उठून सांगू लागली, की त्यातला एक बारीक आवाजाचा आणि एक घुमणारा असतो, आणि एका काठीचे टोक वाकडे असते. मला ते ठाऊक नव्हते. पाठोपाठ एकनाथांचे भारूड, धनगरी ओवी, डफ-तुणतुण्यावरचा पोवाडा असे ऐकवले. मग जरा लांब गेलो.

लांब म्हणजे किती, तर आधी शेजारच्या राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यापर्यंत. पुणतांबे म्हटले की मोठ्यांना २०१७ चा शेतकरी संप आठवतो. संगीतकार सी. रामचंद्र यांचा जन्म त्याच गावचा, १९१८ चा. सव्वीस जानेवारीला आमच्या आणि बहुधा तुमच्याही शाळेत वाजते ते ‘ऐ मेरे वतन के लोगो’ त्यांचेच. ते मुलांना पाठ आहे. त्याच माणसाने ‘ईना मीना डीका’ केले हे सांगितले तर वर्ग विश्वास ठेवेना. १९५१ च्या ‘अलबेला’तले ‘शोला जो भडके’ लावले तेव्हा तुतारीसारखा चढा आवाज आला आणि मागच्या बाकावरून उत्तर आले, “बाई, हा तर वरातीतला बाजा!” बरोबरच होते. ट्रम्पेट ते ट्रम्पेट. सी. रामचंद्रांचे साहाय्यक चिक चॉकलेट हे गोव्याचे, मुंबईच्या ताज हॉटेलात जाझ हे अमेरिकेतून आलेले संगीत वाजवणारे ट्रम्पेटवादक. गोव्यात चर्चच्या गावशाळांतून पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, आणि हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात तिथून आलेल्या वादकांवर उभे राहिले. गावच्या शाळेने संगीत शिकवले तर काय होते, याला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

त्यानंतर चिक चॉकलेट यांच्या बोटाला धरून खरे जाझ ऐकले. काहींना आवडले, काहींना ‘नुसता गोंधळ’ वाटला. तसे म्हणायची मुभा आहे. फक्त का ते सांगायचे.

सर्वांत जमला तो रशियाचा शनिवार. प्रोकोफिएव्ह या संगीतकाराने १९३६ मध्ये मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी पीटर नावाच्या मुलाची आणि लांडग्याची गोष्ट वाद्यवृंदात बसवली. प्रत्येक पात्राला वेगळे वाद्य. पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बॅसून नावाचे जाड्या आवाजाचे वाद्य, लांडग्याला तीन हॉर्न. निवेदन इंग्रजीत होते, ते बंद करून गोष्ट मीच सांगितली. आजोबा आले की वर्ग हसून लोळत होता. बदकाचा आवाज ऐकून दोघी-तिघी म्हणाल्या, “सनई!” घरी येऊन शोधले तर ओबो आणि सनई दोन्हींच्या तोंडाशी फुंकल्यावर थरथरणारी दुहेरी पत्ती असते. मुलांच्या कानाने ते आधीच ओळखले होते.

आणि मांजराचे वाद्य आमच्या वर्गातल्या एकाच्या घरी निघाले. त्याचे वडील बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवतात. हे त्याने वर्गात कधी सांगितले नव्हते. वडिलांना बोलावले तेव्हा आधी म्हणाले, “बाई, याला वाजवायला लावू नका. याला साहेब होऊ द्या.” त्यांचे म्हणणे मला पटले. संबळ, हलगी, बँड वाजवणाऱ्यांना गावाने वरातीत पुढे चालवले आणि जेवायला वेगळ्या पंगतीत बसवले. ज्यांनी ती वाद्ये टाकून दिली, त्यांची कारणे आहेत, आणि ‘आपली लोककला जपा’ हा उपदेश त्यांनाच करणे सोपे आहे. म्हणूनच मी म्हणते, वाजवायचे कोणी ते घर ठरवील, ऐकायचे मात्र सगळ्या वर्गाने. ते आले, पत्ती ओली करून कशी बसवतात ते दाखवले आणि एक लावणीची चाल वाजवली. एकाने विचारले की हे तुम्हाला कोणी शिकवले. म्हणाले, “कोणी नाही. ऐकून.”

बंदीवाल्या वाचकांना माझे उत्तर हे आहे. डीजेचे गाणे मुलांना आजही आवडते आणि आवडू दे. या गॅदरिंगला सातवीच्या मुलांनी स्वतः सुचवले, की एक नाच त्या गाण्यावर आणि एक संबळावर. एवढे पुरे आहे. ज्याने एकच प्रकार ऐकला त्याला निवड करायला आपण काही दिलेलेच नसते.

आता शिक्षण विभागाकडे मागणे. पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून कविता ऐकायला मिळतात, तशीच बालभारतीने लोकसंगीत, नाट्यसंगीत, कव्वाली, कर्नाटक आणि पाश्चात्त्य संगीताची चांगली ध्वनिमुद्रणे द्यावीत. मी ती यूट्यूबवर शोधते तेव्हा मध्येच गुटख्याची जाहिरात लागते. कृपा करून याची परीक्षा घेऊ नये. दहावीला शास्त्रीय आणि लोककलेचे वाढीव गुण मिळू लागल्यापासून किती परीक्षांना किती मार्क, हा हिशेब पालकांना रागांच्या नावांआधी पाठ होतो. आणि गावातल्या कलावंताला शाळेत बोलावले तर त्याच्या मानधनाची तरतूद असावी. आमच्या क्लॅरिनेटवाल्यांची लग्नसराई तेव्हा नव्हती, ते शेतमजुरीला जात होते. शाळेसाठी त्यांचा एक रोज बुडाला. तो आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून दिला आणि त्यांनी तो घ्यावा म्हणून बरीच विनवणी करावी लागली. शासनाचा असता तर त्यांनी सही करून हक्काने घेतला असता.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. कोपरगाव, जि. अहिल्यानगर
(नोकरी सरकारी आहे, कृपया नाव छापू नये.)