तुझ्या थेरपीबद्दल, थोडं लांबलचक

प्रिय मित्रा,

तू फोनवर म्हणालास ना, की थेरपिस्ट सगळं ऐकून घेते, एकदाही 'तू चुकलास' म्हणत नाही, आणि लहानपणी चर्चमध्ये मात्र आधी चुकाच मोजल्या जायच्या, ते काही डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो.

गंमत बघ, ही पद्धत ज्याने रुजवली तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स कडक प्रोटेस्टंट घरातला. 1922 मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या परिषदेसाठी चीनला जाऊन आला, मग न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकायला लागला आणि दोन वर्षांत तिथून मानसशास्त्राकडे वळला. त्यामुळे त्याचा तो विनाअट स्वीकार मला ओळखीचाच वाटतो, चर्चमध्ये जिला कृपा म्हणतात तीच, फक्त देव वजा. लायकी बघून प्रेम नाही.

पण पुढे वाटा फुटतात. रॉजर्स म्हणतो, माणसाला न घाबरता स्वतःकडे बघता आलं की तो आपला आपण चांगल्या दिशेने वाढतो. आता तेराव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्विनास हे ऐकून म्हणेल, आपला आपण कसला डोंबलाचा! विवेक, न्याय, धैर्य, संयम हे करून करून अंगात मुरतात, आणि विश्वास, आशा, प्रीती तर देवाने दिल्याशिवाय येतच नाहीत.

मला दोघंही अर्धे पटतात रे. भावाशी मी दोन वर्षं बोलत नव्हतो, तेव्हा थेरपीत कळलं की राग वरवरचा, आत दुखावलेपण आहे. ते कळणं फार मोठं होतं, खोटं नाही सांगत. पण कळल्यावरही सहा महिने मी फोन केला नाही! समजूत वाढली, धैर्य जिथल्या तिथे.

आणि ही शंका फक्त चर्चवाल्यांची नाही हं. रोलो मे, रॉजर्सच्याच गोटातला मानसशास्त्रज्ञ आणि त्याच सेमिनरीत शिकलेला, त्याने 1982 मध्ये रॉजर्सला जाहीर पत्रच लिहिलं, की माणसातल्या दुष्टपणाकडे तू पुरेसं बघत नाहीस.

योहानाच्या शुभवर्तमानातली ती व्यभिचारात पकडलेली बाई आठवते? येशू तिला म्हणतो, मीही तुला दोषी ठरवत नाही, आणि लगेच म्हणतो, जा, पुन्हा पाप करू नकोस. तुझी थेरपिस्ट पहिल्या वाक्यावर थांबते आणि आपल्या लहानपणीचे पाद्री थेट दुसऱ्यापासून सुरू करायचे, म्हणून तुला तिच्याकडे एवढं मोकळं वाटतं, असं मला वाटतं.

पुढच्या सेशनला तिला सरळ विचारून टाक, मी चुकतोय असं तुम्हाला कधी वाटतं का म्हणून. काय म्हणते ते कळव, आणि ती चिडली तर माझं नाव सांगू नकोस.

तुझाच,
मी