शाळेसाठी घर, की घरासाठी शाळा?

संपादक महोदय,

सार्वजनिक शाळेतील प्रवेश जिथे राहत्या पत्त्यावर ठरतो, तिथे घर निवडणे म्हणजे शाळाही निवडणे होय, आणि म्हणूनच शहरांतील अनेक पालक नावाजलेल्या शाळेच्या हद्दीतील लहानशा घरासाठीही जादा रक्कम मोजतात. अर्थतज्ज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॉस्टनच्या उपनगरांतील, शाळेच्या हद्दरेषेच्या दोन्ही बाजूंच्या घरांची तुलना केली, तेव्हा परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के जास्त मोजतात, असे त्यांना आढळले. मात्र हे गुण शाळेच्या अध्यापनापेक्षा तेथील मुलांच्या घरची सुस्थितीच बऱ्याचदा अधिक सांगतात, हे घर शोधायला निघालेल्या पालकांच्या (मीही त्यांतलाच होतो) सहसा ध्यानात येत नाही. शिवाय हद्दी बदलतात, मुख्याध्यापक बदलतात. कर्जाचे हप्ते तेवढे कायम राहतात. गुणांच्या तक्त्यावर विसंबण्याऐवजी पालकांनी शक्य असल्यास वर्गात बसून शिक्षक मुलांच्या चुका कशा हाताळतात ते पाहावे, आणि स्वतःच्या कामावरील जाण्यायेण्यात घरच्यांचा किती वेळ हिरावला जाईल, याचाही हिशेब तेव्हाच मांडावा. हद्दबदलाची सूचना प्रशासनाने किमान दोन वर्षे आधी दिल्यास ही ओढाताण बरीच कमी होईल.

– एक पालक