आजार कळवणाऱ्यालाच भुर्दंड का?

मा. संपादक,

सिन्नर तालुक्यात माझं वराहपालन आहे. यॉर्कशायर जातीच्या चाळीसेक माद्या आणि त्यांची पिल्लं. गेल्या पावसाळ्यात दोन माद्यांनी खाणं सोडलं, अंग तापलं, कान जांभळट पडले. ही लक्षणं साध्या स्वाइन फीवरचीही असतात आणि आफ्रिकन स्वाइन फीवरचीही. अनुभवी डॉक्टरलाही नुसतं बघून सांगता येत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. पहिल्यावर लस आहे, दुसऱ्यावर आपल्याकडे ना लस ना औषध. कळपच्या कळप काही दिवसांत संपतो. माणसाला मात्र तो होत नाही, हेही सांगायला हवं, कारण गावात लोक उगाच घाबरले होते.

मी लगेच कळवलं, नमुने दिले. अहवाल येईपर्यंत एकही जनावर बाहेर काढायचं नाही, हा नियम मला मनापासून पटतो. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर पुढे राज्याराज्यांत गेला तो मुख्यतः गाड्या, मांस, खरकटं आणि आजारी डुकरांच्या वाहतुकीमुळे. पण अहवाल लांबत गेला. विक्रीला आलेली डुकरं खाद्य खात उभी, आणि रात्री व्यापाऱ्याचा फोन : ‘ताई, निम्म्या भावात गाडी भरतो, कुणाला कळतंय?’ मी नाही म्हटलं. सगळेच म्हणतील का? बँकेचा हप्ता तर थांबत नाही.

रोग सिद्ध झाला तर केंद्राच्या आराखड्यानुसार एक किलोमीटरच्या आतली डुकरं मारली जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. मारलेल्या डुकरांची भरपाई वजनावर मिळते. डुकरं मारायला सरकारी पथक येण्याआधी रोगाने मेलेल्यांची मिळत नाही. नव्या भागातल्या पहिल्या नमुन्यावर शिक्कामोर्तब भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत होतं, तोवर वेळेत कळवणाऱ्याची जनावरं मरत राहतात. गुपचूप विकणाऱ्याचे पैसे मात्र सुटतात. अशाने कोण कळवणार?

हे बदलता येतं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आपल्याच सरकारने मेलेल्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये दिले. बाजार बंद होते, पण मदत मिळते म्हटल्यावर लोक पुढे येऊन नोंद करत होते. डुकरं पाळणारी बहुतेक घरं तर भूमिहीन, एखाद-दोन माद्यांवर चालणारी. त्यांना मदत का नसावी?

नियम सगळ्यांना सारखे हवेत, एवढंही सांगते. मी हायवेवरच्या हॉटेलांचं खरकटं उकळूनच घालते. पण शहरात पकडलेली मोकाट डुकरं तपासणीशिवाय गाडीत भरून दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडली जातात, त्यांचा आरोग्य दाखला कोणी मागत नाही. येत्या सिंहस्थात खरकट्याचे डोंगर होतील, ते कुठे जाणार हे आताच ठरवायला हवं.

पशुसंवर्धन विभागाने अहवालाची मुदत ठरवून द्यावी, आणि भरपाई पथक आल्या दिवसापासून न मोजता शेतकऱ्याने कळवल्या दिवसापासून मोजावी. त्यानंतर मेलेलं प्रत्येक डुक्कर त्यात धरावं.

— एक वराहपालक, सिन्नर (जि. नाशिक)