औषधपेटी आणि मंगळ

कोलोन

ती. बाबांना सा. न. वि. वि.

'यान तयार झालं तर मंगळावर माणूस पाठवायला अडतं कुठं?' असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर डॉक्टर लांब पडतो, तिथं अडतं.

आमच्या डीएलआरच्या, म्हणजे जर्मन अंतराळसंस्थेच्या केंद्रात स्वखुशीने आलेल्या निरोगी माणसांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवतात. पलंग डोक्याकडे 6 अंश उतरता. जेवण, आंघोळ सगळं आडवंच, आणि कूस बदलायची तीही एक खांदा गादीला टेकवून. मी त्यांच्या मानेची सोनोग्राफी करते. बसलेल्या माणसाची मानेतली मोठी शीर चपटी असते. डोकं खाली गेलं की तीच पडद्यावर काळी, टम्म फुगलेली दिसते. अंतराळात पायांकडे खेचणारं वजनच नसल्याने रक्त असंच वर सरकतं. काहींच्या डोळ्यांमागची दृष्टीची नस सुजते, नजर बदलते. खुब्याचं हाड महिन्याला 1 ते 1.5 टक्के झिजतं, पण रोज दोनेक तासांच्या व्यायामाने ते बरंच आटोक्यात येतं.

मानेच्या शिरेचं तसं नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 11 अंतराळवीरांपैकी 6 जणांच्या या शिरेत रक्त साचलेलं किंवा उलटं वाहताना आढळलं. एकाला तर गुठळी झाली होती. दुखणं-खुपणं काही नाही. संशोधनासाठी सोनोग्राफी केली म्हणून कळलं. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मोजकीच होती. जमिनीवरच्या डॉक्टरांनी ती पुरवून पुरवून वापरायला लावली, मग मालवाहू यानातून गोळ्या पोचल्या. तो माणूस सुखरूप परतला. ही हकीकत वाचल्यापासून कुणाच्याही मानेवर प्रोब ठेवताना माझं लक्ष तसूभर हलत नाही.

बाबा, ते स्थानक आपल्यापासून जेमतेम 400 किलोमीटरवर आहे, म्हणून हे निभावलं. मंगळाच्या वाटेवर मागून गोळ्या पाठवता येणार नाहीत. मध्येच मागे फिरणंही जवळपास अशक्य. मंगळ लांब असताना प्रश्न पोचायलाच 20 मिनिटं, उत्तर यायला तेवढीच. किरणोत्सर्गाची काळजी आहेच, पण रक्तस्राव सुरू झाला तर चाळीस मिनिटं थांबायचं कुणी?

म्हणून त्या चमूत डॉक्टर हवाच, असं माझं ठाम मत आहे. 1994-95 मध्ये सलग 437 दिवस रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर राहिलेले वलेरी पोल्याकोव डॉक्टरच होते, आणि उतरल्यावर यानापासून खुर्चीपर्यंत स्वतः चालत गेले. शिवाय बाकीच्यांपैकी निदान दोघांना सोनोग्राफी यायला हवी, कारण डॉक्टरही आजारी पडतो.

औषधांचा प्रश्न याहून अवघड आहे. मोहीम तीन वर्षांची, आणि आज स्थानकावर ठेवतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक औषधांची मुदत त्याआधीच संपते. मुदत उलटलेली गोळी किती गुण देईल, हे तपासण्याचं काम आत्तापासून नेटाने व्हायला हवं.

आईला सा. न.

तुमची लेक