आधी समेट, मग अर्पण

महोदय,

राज्यातील ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, जमिनी, शाळा आणि विश्वस्तपदे यांवरून चाललेल्या वादांच्या बातम्या वृत्तपत्रांतून अधूनमधून येत असतात. बाहेरच्या वाचकाला तो एखाद्या संस्थेतील सत्तास्पर्धेचा मामला वाटला, तर त्यात नवल नाही. मंडळीचा सभासद या नात्याने मला मात्र त्या बातम्यांमागे प्रभू येशूच्या एका स्पष्ट आज्ञेचा विसर पडलेला दिसतो. ती आज्ञा आपल्या उपासनांतून फार क्वचित ऐकू येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, येशू सांगतो की तू आपले दान वेदीजवळ आणले असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी जा, भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर. हे शब्द ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती ती यरुशलेमेच्या मंदिरात, शंभराहून अधिक किलोमीटरवर, पायी कित्येक दिवसांच्या वाटेवर. म्हणजे अर्पण अर्धवट सोडून गावी परतायचे, भावाची समजूत काढायची आणि पुन्हा तेवढीच वाट चालून यरुशलेम गाठायचे, इतका खटाटोप या आज्ञेत अपेक्षित आहे. शिवाय ‘तुझा भावावर राग असेल तर’ असे येशू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असे म्हणतो. पहिले पाऊल ज्याने दुखावले त्याने उचलायचे आहे. क्षमेवरचे आपले बहुतेक उपदेश दुखावलेल्यालाच ‘सोडून दे’ असे सांगतात आणि दुखावणाऱ्याला काहीच सांगत नाहीत, ही मला त्यांतील सर्वांत मोठी उणीव वाटते.

पहिल्या पिढ्यांनी ही आज्ञा अक्षरशः पाळण्याचा प्रयत्न केला. ‘दिदाखे’ या अत्यंत जुन्या ख्रिस्ती नियमपुस्तिकेत, ज्याचे आपल्या सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत प्रभूच्या दिवशीच्या सभेत सामील होऊ नये, असा दंडक आहे. आजही कॅथलिक मिस्सेत (उपासनेत) कम्युनिअनपूर्वी, म्हणजे प्रभूभोजनापूर्वी, शांतीची खूण दिली जाते आणि आमच्या प्रॉटेस्टंट उपासनाविधींतही ती अनेक ठिकाणी आहे. पण व्यवहारात आपण शेजारी बसलेल्या बायकोशी, मित्राशी हात मिळवतो. ज्याच्याशी बोलणे बंद आहे तो पलीकडच्या बाकांवर असतो आणि तिथवर कोणी जात नाही. एका मंडळीत मी पाहिले आहे, की एकाच आजोबांच्या नातवंडांची दोन कुटुंबे वर्षानुवर्षे मधल्या वाटेच्या दोन बाजूंना बसतात, प्रभूभोजन एकाच वेदीसमोर घेतात आणि फाटकाबाहेर एकमेकांना ‘सलाम’ही करत नाहीत. पाळकसाहेबांना हे ठाऊक असते, मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीलाही ठाऊक असते. तरी त्यावर कधी कोणी शब्द काढत नाही.

मोठ्या पातळीवरचे चित्र याहून क्लेशदायक आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. निरनिराळ्या मिशनांच्या भिंती ओलांडून एका मेजाभोवती बसण्याची ती धडपड होती आणि आपल्या भूमीवर ती घडली याचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु त्या सहांपैकी ब्रेदरन मंडळीच्या गुजरातमधील मालमत्तेचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निकाल २०१३ साली लागला. कायद्याच्या दृष्टीने कोण बरोबर होते, हा माझा प्रश्न नाही. प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला पत्रात विचारतो, की तुम्ही एकमेकांवर फिर्यादी करता, त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही, नुकसान का पत्करत नाही? आपल्या किती मंडळ्यांनी वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी हा उतारा एकत्र बसून वाचला असेल? धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्जांवर (विश्वस्त बदलल्याची नोंद करण्याच्या अर्जांवर) हरकती घेऊन दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसे तारखांमागून तारखा घालवतात, आणि त्याचा खर्च बहुधा विधवेने दानपेटीत टाकलेल्या नाण्यांतूनच होतो.

मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात यासाठी सरळ पद्धत दिलेली आहे. प्रथम एकट्याने एकांतात जावे, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. आपण नेमके उलट करतो. आधी साऱ्या मंडळीत बोलबाला होतो, व्हॉट्सॲपवर पत्रके फिरतात, मग गट पडतात आणि एकांतातली भेट होतच नाही. त्याच अध्यायात पुढे निर्दय चाकराचा दाखला येतो. धन्याने त्याला दहा हजार तालांतांचे कर्ज सोडले. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार आणि एक दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ते कर्ज सुमारे सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे झाले. तो बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी त्याने सोबतीच्या चाकराची नरडी धरली. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण दर रविवारी ऋण सोडण्याविषयी बोलतो. ती प्रार्थना संपताच येशूने तिच्यातल्या या एकाच मागणीवर पुन्हा भाष्य केले आहे, हे मुलांना शब्बाथशाळेतच शिकवले गेले पाहिजे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. समेट म्हणजे झाकपाक नव्हे. बालकावर अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि तेथे ‘मंडळीची अब्रू’ हा विचार मनात आणणेही पाप आहे. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला ‘क्षमा कर आणि घरी जा’ असे सांगणारा पाळक येशूची आज्ञा पाळत नसतो, तो तिच्या जिवाशी खेळत असतो. अफरातफर झाली असेल तर हिशेब झालाच पाहिजे. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने नुसती माफी मागितली नाही. ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत देतो, असे त्याने सर्वांसमोर सांगितले. परतफेड हा समेटाचाच भाग आहे, आणि तोही आपल्या उपदेशांतून गळून गेला आहे.

माझी बिशप, पाळक आणि पास्टरेट कमिट्यांना कळकळीची विनंती आहे, की प्रभूभोजनाची घोषणा एक आठवडा आधी करताना या आज्ञेची आठवण द्यावी आणि त्या आठवड्यात पाळकांनी अबोला धरलेल्या घरांत स्वतः जाऊन यावे. शेजारच्या मंडळ्यांतील, कोणत्याही गटाशी संबंध नसलेली दोनतीन विश्वासू माणसे, त्यांत स्त्रियाही, मध्यस्थीसाठी उपलब्ध असावीत आणि मालमत्तेचा कोणताही दावा दाखल करण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसणे दोन्ही बाजूंनी मान्य करावे. वार्षिक जमाखर्चात न्यायालयीन खर्च वेगळा दाखवून तो सभेत मोठ्याने वाचावा, म्हणजे गरीब निधीशी त्याची तुलना लोकांना स्वतःच करता येईल. आणि ईस्टरपूर्वीच्या येत्या उपवासकाळात निदान एका रविवारी दानपेटी फिरवण्यापूर्वी लोकांना जागेवरून उठून ज्याच्याकडे जायचे आहे त्याच्याकडे जाण्यास पुरेसा वेळ द्यावा. त्यासाठी उपासना अर्धा तास लांबली तरी कोणी तक्रार करू नये.

आपला,
एक मराठी ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर