श्रेय रेणू घडवणाऱ्यांनाही द्या

रविवारच्या अंकातील रक्तदाबाच्या औषधांवरील लेख वाचला. माहिती चोख आहे, पण लोसार्टन या रक्तदाबाच्या गोळीचे सारे श्रेय कंपनीच्या पदरात टाकलेले खटकले. रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाला रक्तवाहिनीतील ग्राहीवरच, म्हणजे ते जिथे चिकटते त्या जागीच, रोखण्याची कल्पना जुनी. मात्र तसे करणारे सॅरालेसिन हे आधीचे औषध शिरेतूनच द्यावे लागे. जपानच्या ताकेदा कंपनीतील संशोधकांची संयुगे फारच दुबळी. अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीतील रसायनतज्ज्ञ डेव्हिड कॅरिनी आणि सहकाऱ्यांनी रेणूचा एकेक कोपरा बदलून पाहिला आणि आम्लगटाच्या जागी टेट्राझोलचे (चार नायट्रोजन अणू असलेले) कडे बसवले, तेव्हा कुठे दमदार गोळी तयार झाली. अमेरिकेत तिला १९९५ मध्ये मान्यता मिळाली. औषधशोध म्हटला की आपल्याला डॉक्टर नाहीतर कंपनीच आठवते. पुरवणीत औषधी रसायनतज्ज्ञांवरही स्वतंत्र लेख द्यावा.

– एक वाचक, नाशिक